आल्टो सॅक्सोफोनचे खालचे स्वर: दोष वाद्याचा की फुंकेचा?

आपण लिहिले आहे की काही महिन्यांच्या शिक्षणानंतर मधले स्वर स्वच्छ लागतात, खालचा सी कसाबसा लागतो, परंतु त्याखालचे बी आणि बी फ्लॅट गुरगुरतात किंवा एकदम वरच्या सप्तकात उडी मारतात, आणि म्हणून नवा माउथपीस (तोंडात धरून फुंकायचा भाग) व अधिक कडक रीड (त्यावर बसवलेली, फुंकेने कंप पावणारी पातळ पट्टी) घेण्याचा आपला विचार आहे. तूर्त यांपैकी काहीही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सॅक्सोफोनची नळी शंकूप्रमाणे रुंदावत जाते, त्यामुळे मूळ स्वर निसटला की बहुधा त्याच्या बरोबर एक सप्तक वरचा स्वर लागतो (क्लॅरिनेटवर मात्र तो सप्तक ओलांडून पुढच्या पंचमावर जातो). सर्वांत खालचा बी फ्लॅट वाजवताना नळीवरील सगळी छिद्रे बंद असावी लागतात आणि वरच्या भागातले एखादे पॅड (छिद्र झाकणारी गादी) केसभर जरी उघडे राहिले, तरी त्याची शिक्षा या खालच्या स्वरांना भोगावी लागते.

सी लागतो आणि बी लागत नाही, हे वाचून माझा पहिला संशय जी शार्पच्या पॅडवर जातो. खालचा डी लांबवर धरावा आणि तो वाजत असतानाच डाव्या करंगळीने जी शार्पची की दाबावी; सुरात तसूभरही फरक पडता कामा नये. तो थरथरला, तर ते पॅड उचलले जात आहे असे समजावे. आधुनिक सॅक्सोफोनवर बी, बी फ्लॅट आणि सी शार्प यांच्या किल्ल्या जी शार्पच्या कीला जोडलेल्या असतात, सीची की मात्र नसते. हा दोष एका लहानशा स्क्रूने दूर होतो, तरीही तो वाद्यदुरुस्ती करणाऱ्याकडूनच फिरवून घ्यावा. आपल्याच वाद्यावर आपल्या शिक्षकांना बी फ्लॅट सहज काढता आला, तर वाद्य निर्दोष आहे आणि दोष ओठांच्या पकडीत आहे.

ती पकड तपासण्यासाठी नुसता माउथपीस वाजवून ट्यूनरवर पाहावे. आल्टोच्या माउथपीसचा सूर साधारणपणे ८८० हर्ट्झच्या ए स्वराजवळ असावा. तो बराच चढा येत असेल, तर आपण रीड जबड्याने दाबत आहात आणि दाबलेली रीड खालच्या स्वरांसाठी पुरेशी कंप पावत नाही. माउथपीस किती तोंडात घ्यावा हे ठरवण्यासाठी रीड आणि माउथपीस यांच्यामध्ये कागदाची पट्टी हलकेच सरकवावी आणि ती जिथे अडते, तिथे रीडखाली खालचा ओठ टेकवावा. नवशिके बहुधा याहून कमीच घेतात.

कडक रीडने ही अडचण वाढेल, कारण ती कंप पावण्यासाठी अधिक जोर लागतो आणि मग जबडा आणखी आवळला जातो. या टप्प्यावर दोन किंवा अडीच क्रमांकाची रीड पुरते.

रियाजात जी स्वरापासून अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली उतरावे, प्रत्येक स्वर दमसास पुरेल तेवढा धरावा आणि ओठांची ठेवण तशीच ठेवून फुंक अधिक भरघोस करावी. खालचे स्वर हलक्या आवाजात सुरू करणे मुरलेल्या वादकांनाही जड जाते, म्हणून सध्या ते मोठ्यानेच वाजवावेत.