वाचकांचे प्रश्न : शिक्षक घडतो कुठे?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी झाली असून तिला प्राथमिक शिक्षिका व्हायचे आहे. कोणी डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) सुचवते, कोणी पदवी आणि मग बी.एड. (शिक्षणशास्त्राची पदवी) करायला सांगते, तर कोणी नव्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचे नाव घेते. बी.एड. पूर्वी एक वर्षाचे होते, नंतर दोन वर्षांचे झाले, आणि आता पुन्हा एक वर्षाचे होणार असे ऐकतो. तिने नेमके काय करावे, आणि हे नियम इतके वारंवार का बदलतात?
— एक पालक, तासगाव

उत्तर : आधी तुमच्या निर्णयापुरते सांगतो. पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवायचे असेल, तर पदवीनंतरच्या बी.एड.चा मार्ग आज उपयोगाचा नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१८ मध्ये बी.एड.धारकांना या वर्गांसाठी पात्र ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात ती अधिसूचना टिकणारी नाही, असे स्पष्ट केले. त्यामुळे बारावीनंतरचा दोन वर्षांचा डी.एल.एड. किंवा पदवीसह चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, असे दोन पर्याय उरतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच शिक्षकाची किमान पात्रता व्हायची आहे. म्हणून असा अभ्यासक्रम जाण्यायेण्याच्या टप्प्यात असेल आणि त्याची प्रवेश परीक्षा देण्याची मुलीची तयारी असेल, तर तो घ्यावा. मात्र प्रवेश घेताना प्राथमिक वर्गांसाठीचाच गट निवडावा. तसे महाविद्यालय जवळपास नसेल, तर चांगल्या संस्थेतून डी.एल.एड. करून सोबत किंवा नंतर पदवी पूर्ण करण्यात काहीही कमीपणा नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण खरी मेख तिथे आहे. चार वर्षांची कल्पना नवी नाही. अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथील प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये १९६३ मध्ये सुरू झाली, तेव्हाच तिथे पदवी आणि शिक्षक-प्रशिक्षण एकत्र देणारे चार वर्षांचे अभ्यासक्रम होते. त्यानंतर देशाच्या शिक्षणव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, १९६६ च्या अहवालात या क्षेत्राचे दुखणे नेमके सांगितले : शिक्षक घडवणाऱ्या संस्था विद्यापीठांपासून तुटलेल्या आहेत, शाळांपासून तुटलेल्या आहेत आणि एकमेकींपासूनही तुटलेल्या आहेत. या निदानाला साठ वर्षे होत आली, तरी शाळांपासूनची फारकत मिटलेली नाही. आपण मात्र या साऱ्या काळात प्रामुख्याने वर्षांचा हिशेब मांडत आलो.

दरम्यान संस्थांचे पीक आले. महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. (डी.एल.एड.चे जुने नाव) संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातूनच न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला आठवत नाही. आयोगाने २०१२ मध्ये अहवाल दिला. त्याचाच हवाला देऊन २०२० च्या धोरणाने लिहिले की, देशातल्या दहा हजारांहून अधिक स्वतंत्र अध्यापक शिक्षण संस्थांपैकी बहुसंख्य संस्था गांभीर्याने शिक्षक घडवण्याचा प्रयत्नही करत नाहीत, त्या पैसे घेऊन पदव्या विकतात. सरकारी धोरणाच्या मजकुरात इतके स्पष्ट वाक्य क्वचितच आढळते. वर्मा आयोगानंतर नवे नियम आले, २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात वीस आठवडे शाळेत घालवण्याची अट आली. आता चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांसाठी एक वर्षाच्या बी.एड.चा प्रस्ताव पुढे आला आहे.

माझ्या मते वीस आठवड्यांची ती अट या सगळ्या बदलांतली सर्वांत मोलाची होती, आणि तिचीच सर्वांत जास्त उपेक्षा झाली. अनेक ठिकाणी छात्राध्यापक (प्रशिक्षण घेणारे विद्यार्थी) शाळेत जातात ते रजेवरच्या शिक्षकांच्या तासिका सांभाळायला. ठरलेल्या दिवशी सराव पाठ होतो, पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन असे सगळे रकाने भरलेले असतात, प्राध्यापक मागच्या बाकावर थोडा वेळ बसतात आणि ‘फलकलेखन सुधारावे’ असा शेरा लिहून पुढच्या वर्गाकडे जातात. मुलांना त्या तासात काय समजले, याची नोंद ठेवायला त्या वहीत रकानाच नसतो.

हे महत्त्वाचे का, ते एका उदाहरणाने सांगतो. दुसरी-तिसरीतली एखादी मुलगी ४२ मधून १७ वजा करते आणि उत्तर ३५ लिहिते. नवखा शिक्षक फुली मारतो, फळ्यावर रीत पुन्हा करून दाखवतो आणि पुढे जातो. जाणता शिक्षक तिला ‘कसे केलेस?’ असे विचारतो. ती सांगते की सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. म्हणजे तिचे लक्ष नव्हते असे नाही; मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा नियम तिने स्वतःच बांधला आहे आणि तो ती निष्ठेने पाळते आहे. तिला रीत पुन्हा सांगून उपयोग होत नाही. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्या हाती देऊन सतरा काड्या मागाव्या लागतात, म्हणजे एक गठ्ठा सोडल्याशिवाय चालत नाही हे तिचे तिलाच दिसते. गणिताची पदवी असलेल्या माणसाला हे आपोआप सुचत नाही, आणि बालमानसशास्त्राच्या पेपरातही ते पूर्णपणे मिळत नाही. अनुभवी शिक्षिकेच्या वर्गात महिनोन्‌महिने शेजारी बसून, मुलांच्या वह्या तिच्याबरोबर तपासून आणि संध्याकाळी त्यावर बोलूनच ते अंगवळणी पडते.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन विचारा : छात्रसेवाकाल, म्हणजे शाळेतल्या सरावाचा काळ, कोणत्या शाळांत होतो, तो सलग असतो की तुकड्या-तुकड्यांनी, त्या शाळेतला कोणता शिक्षक मार्गदर्शक म्हणून नेमला जातो, आणि प्राध्यापक तिथे किती वेळा येतात. ‘हजेरीची काळजी करू नका, आम्ही सांभाळून घेऊ’ असे उत्तर मिळाले, तर तिथे शुल्क भरू नका.

प्रश्न : आमच्या वेळचे कित्येक उत्तम शिक्षक फारसे प्रशिक्षण न घेतलेले होते. शिक्षक हा जन्मावाच लागतो, असे वाटत नाही का?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, अमळनेर

उत्तर : आदरपूर्वक सांगतो, वाटत नाही. उपजत ओढ असलेली माणसे असतात. पण गावोगावच्या शाळा केवळ त्यांच्या भरवशावर चालत नाहीत. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शक्यतो शेतकरी समाजातून यावेत, त्यांच्या प्रशिक्षणात शेती आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे आणि पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, अशा मागण्या एकत्र केल्या होत्या. प्रशिक्षण, शिक्षकाचे मुलांशी असलेले नाते आणि त्याचे वेतन या तीन गोष्टी त्यांनी एकमेकींपासून सोडवल्या नाहीत. आपण मात्र नव्या शिक्षकाला शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर राबवतो (प्राथमिक शाळेत हे मानधन २०२३ पर्यंत दरमहा सहा हजार रुपये होते, आता सोळा हजार आहे), आणि हुशार मुले या पेशाकडे का वळत नाहीत, म्हणून हळहळतो. आणि चांगले प्रशिक्षण प्रत्यक्ष कामातूनच होते, याचे उदाहरणही आपल्याकडे आहे. आदिवासी भागातल्या बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या आणि त्याच परिसरात बालसेविका घडवल्या. ताराबाईंनी स्वतः भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत प्रत्यक्ष काम करून ही दृष्टी मिळवली होती.

प्रश्न : मी वीस वर्षांहून अधिक काळ जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आता मला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) द्यावी लागणार आहे. इतकी वर्षे शिकवल्यावर ही परीक्षा अपमानास्पद वाटते.
— एक शिक्षिका, नांदेड जिल्हा

उत्तर : तुमची वेदना मला समजते आणि ती रास्त आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेवानिवृत्तीला पाच वर्षांपेक्षा अधिक अवधी असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगितले. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली आहे त्यांना सेवेत राहता येईल, पण टीईटीशिवाय पदोन्नती मिळणार नाही. मुलांना पात्र शिक्षक मिळणे हा त्यांचा हक्क आहे, ही न्यायालयाची भूमिका मला मान्य आहे. मात्र दीडशे वस्तुनिष्ठ प्रश्नांची परीक्षा नव्या उमेदवारांची चाळणी म्हणून ठीक असली, तरी वीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या शिक्षिकेचे मोजमाप त्या परीक्षेने होत नाही. वर काड्यांचे उदाहरण दिले आहे. ते कौशल्य चार पर्यायांतून निवडता येत नाही. अनुभवी शिक्षकांसाठी परीक्षेच्या जोडीला प्रत्यक्ष वर्गनिरीक्षण हवे, आणि ते करणारी माणसे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांमध्ये पुरेशा संख्येने हवीत. शिक्षक संघटनांनी नुसत्या सवलतीपेक्षा ही मागणी लावून धरावी, असे मला मनापासून वाटते.

तोवर तुम्ही तयारी मात्र पुढे ढकलू नका. पहिली ते पाचवीला शिकवत असाल तर पहिला पेपर, सहावी ते आठवीला असाल तर दुसरा. बालविकास व अध्यापनशास्त्राच्या तीस गुणांत तुमचा अनुभव सर्वाधिक कामी येईल. गणित आणि दुसऱ्या भाषेचा सराव आपल्या केंद्रातल्या, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटातल्या, चार-पाच सहकाऱ्यांनी मिळून करावा. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीच्या, म्हणजे शिक्षण परिषदेच्या, दिवशी यासाठी तासभर राखून ठेवण्याची विनंती केंद्रप्रमुखांना लेखी करा आणि तिच्यावर सर्वांच्या सह्या घ्या.