प्रगतिपत्रकात ‘अ-२’, पण धडा वाचता येत नाही: जिल्हा परिषदेकडे दाद कशी मागावी?

प्रश्न: माझी मुलगी गावातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत चौथीत आहे. पहिली ते पाचवीचा पट ४७ आहे. दोन शिक्षकांपैकी एक दीड वर्षापासून पंचायत समितीच्या कार्यालयात ‘कामगिरीवर’ (म्हणजे नेमणूक शाळेत, पण काम दुसरीकडे) आहेत, त्यामुळे पाचही वर्ग एकटे गुरुजी सांभाळतात. मुलीला मराठीत ‘अ-२’ श्रेणी मिळाली आहे, परंतु दुसरीच्या पुस्तकातला धडाही तिला सलग वाचता येत नाही. मी शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे. तक्रार घेऊन गेलो, तेव्हा माझ्याच सहीचे इतिवृत्त मला दाखवण्यात आले. त्यात ‘शैक्षणिक गुणवत्ता समाधानकारक’ असा ठराव आहे. ती सही मी कोऱ्या पानावर केली होती. आता माझ्या तक्रारीला काही अर्थ उरतो का?

उत्तर: अर्थ निश्चित उरतो, मात्र तक्रारीची मांडणी आपल्याला बदलावी लागेल. आपल्या पत्राचा बहुतेक भाग मुलीच्या वाचनाविषयी आणि सहीविषयी आहे आणि ‘कामगिरी’चा उल्लेख एका वाक्यात येऊन जातो; परंतु कायद्याच्या दृष्टीने आपली सर्वांत भक्कम बाजू नेमके ते एक वाक्य आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक असले पाहिजेत, आणि कलम २५ च्या पोटकलम (२) नुसार हे प्रमाण राखण्यासाठी एका शाळेत नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कोणत्याही कार्यालयात काम करायला लावता येत नाही. यास अपवाद आहेत ते कलम २७ मधले, म्हणजे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीशी संबंधित कामे. कार्यालयातले टपाल आणि माहितीचे तक्ते त्यांत बसत नाहीत, मग आदेशावर ‘तात्पुरती व्यवस्था’ लिहिलेले असो वा ‘प्रशासकीय सोय’. पद रिक्त असते, तर भरतीचे कारण पुढे करता आले असते. येथे शिक्षक आहेत, त्यांचा पगार निघतो आहे आणि ते शाळेत तेवढे नाहीत.

गुणवत्तेचा मुद्दा यानंतर घ्यावा, आणि तो जपून मांडावा. प्रत्येक मुलाला अमुक इयत्तेत अमुक इतके वाचता येईलच, अशी हमी हा अधिनियम देत नाही. तो कर्तव्ये लादतो. चांगल्या दर्जाचे प्राथमिक शिक्षण मिळेल हे पाहणे आणि शाळांच्या कामकाजावर देखरेख ठेवणे हे कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाचे, म्हणजे आपल्या बाबतीत जिल्हा परिषदेचे, काम आहे. प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणे आणि पालकांना त्याच्या प्रगतीची माहिती देणे हे कलम २४ नुसार शिक्षकाचे कर्तव्य आहे. म्हणून ‘माझ्या मुलीला वाचता येत नाही’ एवढ्यावर न थांबता ‘तिला वाचता येत नाही हे शाळेला केव्हा कळले आणि त्यानंतर कोणते जादा अध्यापन झाले’ असे विचारावे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात सुरुवातीच्या पानांवर अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय यायला हवे त्याची यादी, छापलेल्या असतात. त्यांतल्या वाचनाच्या दोन-तीन ओळी जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात आणि त्यांखाली मुलगी आज कोठे आहे ते तारीख घालून लिहावे. गुरुजींवर मात्र शक्यतो दोषारोप करू नये. पाच वर्ग एकाच्या गळ्यात घालून श्रेणी भरायला लावली, की प्रगतिपत्रकात ‘अ-२’ उगवतोच. आणि तक्रार व्यक्तीवर गेली की कार्यालय गुरुजींना नोटीस काढून मोकळे होते.

पुराव्यासाठी माहितीच्या अधिकाराखाली तीन गोष्टी मागाव्यात: ‘कामगिरी’च्या आदेशाची प्रत, शाळांची पाहणी करणारे केंद्रप्रमुख व विस्तार अधिकारी यांचे गेल्या दोन वर्षांचे भेटीचे अहवाल, आणि आपल्या मुलीच्या चाचण्यांच्या उत्तरपत्रिका. इतर मुलांचे गुण नावानिशी मागू नयेत, कारण वैयक्तिक माहिती म्हणून नकार मिळेल; मुलांची नावे वगळून वर्गाची गोषवारा-माहिती मागितली तर असा नकार देणे कठीण जाते. उत्तरासाठी मुदत ३० दिवसांची आहे.

आता सहीविषयी. कोऱ्या पानावर सही करणे ही चूक होती, आणि तसे आपण स्वतःच प्रथम सांगणे हिताचे आहे. सही ही आपल्याविरुद्ध कबुलीसारखी वापरली जाईल. परंतु कबुली हा निर्णायक पुरावा नसतो, ती कोणत्या परिस्थितीत दिली गेली हे दाखवता येते. ‘बनावट दस्तऐवज’ हा शब्द मात्र वापरू नका, कारण सही आपलीच आहे आणि तो आरोप सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येईल. त्याऐवजी समितीचे सचिव असलेल्या मुख्याध्यापकांना पत्र द्या, की त्या सभेत गुणवत्तेवर चर्चा झाली नव्हती, मजकूर नंतर लिहिला गेला आणि सदर ठरावास माझी संमती नाही. त्याची पोच घ्या. पुढील सभेत मागील इतिवृत्त कायम करण्याचा विषय येईल, तेव्हा हीच हरकत इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारल्याशिवाय सही करू नका. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे हे शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २१ नुसार समितीचेच काम आहे, त्यामुळे ‘तुम्ही सदस्य असून तक्रार कशी करता’ हा प्रश्नच उलटा आहे.

मूळ तक्रार याच अधिनियमाच्या कलम ३२ खाली करावी आणि तसा उल्लेख विषयातच असावा, नाहीतर तिची गणना साध्या निवेदनात होते. ती जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे लिहून प्रती शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि गटशिक्षणाधिकारी यांना द्याव्यात. मागणी एका वाक्यात असावी: ‘सदर शिक्षकांची कामगिरी रद्द करून त्यांना मूळ शाळेत तात्काळ रुजू होण्याचा आदेश द्यावा आणि माझ्या मुलीसाठी जादा अध्यापनाचा लेखी आराखडा द्यावा.’ बाजू मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय देणे प्राधिकरणावर बंधनकारक आहे. ज्यांच्या यंत्रणेने आदेश काढला त्यांच्याकडेच दाद मागायची, हे विचित्र आहे खरे. परंतु ही पायरी गाळून थेट उच्च न्यायालयात गेल्यास पर्यायी उपाय वापरला नाही म्हणून परत पाठवले जाण्याची शक्यता असते. निर्णय विरुद्ध गेल्यास महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते, आणि निर्णयच आला नाही तर त्याच आयोगाकडे कलम ३१ खाली तक्रार करता येते. ग्राहक आयोगाचा मार्ग येथे नाही, कारण ही सेवा मोफत आहे.

वेळेचे भान ठेवावे लागेल. महाराष्ट्रात पाचवीला वार्षिक परीक्षा लागू झाली आहे. तीत आणि नंतरच्या पुनर्परीक्षेतही अपयश आले, तर मुलीला पाचवीतच ठेवले जाऊ शकते. त्यामुळे तक्रार याच सत्रात दाखल करावी, म्हणजे तीन महिन्यांची मुदत पाचवीचे वर्ष सरण्याआधी संपेल. पुढे उच्च न्यायालयात रिट याचिकेची वेळ आलीच, तर ती मुलीच्या नावे, आपण पालक म्हणून, दाखल करता येईल. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार बालकाला मोफत विधी साहाय्य मिळते आणि त्यासाठी आपल्या उत्पन्नाची अट आड येत नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करावा. तिचे कार्यालय तालुक्याच्या न्यायालयातच असते.