कबड्डी संघ गुण कधी घेतो आणि कधी देतो, हे रग्बी लीगसारखे आलेख काढून कळेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रग्बी लीगच्या संघांचे दहा-दहा मिनिटांचे आलेख तुम्ही पाहिलेत, कोणत्या टप्प्यात किती गुण घेतले आणि किती दिले असे. तुमच्या मंडळाचा कबड्डी संघ मध्यंतरापर्यंत पुढे असतो आणि दुसऱ्या डावात मागे पडतो. तसेच आलेख काढले तर कारण सापडेल का?

सापडेल, पण आडव्या रेषेवर मिनिटं मांडून सापडणार नाही. तिथे मैदानात आत असलेले गडी मांडा. सोलापुरात मी एका कॉलेजच्या संघासाठी चढाईगणिक नोंद ठेवतो. आमच्या पोरांना जे काही उपयोगी सांगता आलं, ते जवळजवळ सगळं या एका बदलातून आलं.

रग्बी लीगमध्ये मिनिटं का चालतात ते आधी बघा. दोन्हीकडे १३ खेळाडू, ४० मिनिटांचे दोन भाग. ट्रायला, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला की, ४ गुण; त्यानंतरची किक बसली तर आणखी २. कोणाला शिक्षा म्हणून दहा मिनिटं बाहेर बसवलं नसेल तर पहिल्या मिनिटाला १३ आणि पंचाहत्तराव्यालाही १३च. त्यामुळे वेळेचे कप्पे पाडले की थकवा दिसतो, बदली खेळाडूंचा परिणाम दिसतो. शिवाय ज्यांच्यावर गुण झाले तेच किक मारून खेळ पुन्हा सुरू करतात, म्हणजे चेंडू परत गुण घेणाऱ्यांच्याच हातात जातो. गुण लागोपाठ पडण्याची ती एक वाट आहे, आणि ते मिनिटांच्या आलेखात लगेच उठून दिसतं.

कबड्डीत चढाई आळीपाळीने असते आणि गड्यांची संख्या सतत बदलते. सात गडी आत असलेला संघ आणि तीन गडी उरलेला संघ हे दोन वेगळे संघ समजा. आपले सहा किंवा सात आत असतील तरच समोरच्या चढाईपटूला बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याचा गुण, मिळतो. तीन किंवा कमी असतील तर आपल्या पकडीला एक गुण जास्त. शेवटचा गडी गेला की लोणाचे दोन गुण वर जातात आणि आपले सातही परत आत येतात. हे सगळं मिनिटांच्या कप्प्यांत कोंबलं, तर '२५ ते ३० मिनिटांत ९ गुण दिले' एवढंच हाती लागतं. त्यातले बरेच गुण एकाच लोणाभोवतीचे होते आणि त्या लोणाची सुरुवात २२ व्या मिनिटाला झाली होती, हे त्यात कुठेच दिसत नाही.

वहीत प्रत्येक चढाईला एक ओळ द्या: चढाईचा क्रमांक, चढाई कोणाची, चढाईपटूचा नंबर, आपले किती आत, त्यांचे किती आत, निकाल. लागोपाठच्या दोन ओळी अशा दिसतील:

'३१, ते, नं. ७, आपले ३, त्यांचे ६, पकड +२'
'३२, आपण, नं. ४, आपले ४, त्यांचे ५, रिकामी' (रिकामी म्हणजे कोणालाच गुण नाही)

गडी मोजायचे ते चढाई सुरू होताना. निकाल लागल्यावर मोजले की पुढचा सगळा हिशेब सरकतो. चढाई ३० सेकंदांची, त्यामुळे एकजण बोलणारा आणि एकजण लिहिणारा असेल तर आरामात जमतं. एकट्याने करायचं असेल तर मोबाईलवर सामना रेकॉर्ड करा आणि घरी बसून भरा.

आता गुणांची चार खाती पाडा. आपल्या चढाईत आपण घेतलेले, आपल्या चढाईत आपण दिलेले, त्यांच्या चढाईत त्यांनी घेतलेले, त्यांच्या चढाईत आपण पकड करून घेतलेले. यातलं दुसरं खातं नीट बघा. गुण गेले की सगळे बचावाला बोलतात, कोपऱ्यावरच्या पोराला तर जास्तच. पण आपला चढाईपटू पकडला गेला तरी गुण त्यांनाच जातो, आणि दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई फुकट गेली तरीही. तरुण संघात हे खातं बरंच मोठं निघू शकतं, आणि ते वेगळं लिहिल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही.

मग पहिला आलेख काढा. खाली आत असलेले आपले १ ते ७ गडी, शून्याच्या वर घेतलेले गुण, शून्याच्या खाली दिलेले. मात्र नुसती बेरीज काढू नका, दर चढाईमागे किती ते काढा. समजा सात गड्यांवर त्यांच्या ६० चढायांत १५ गुण गेले आणि तीन गड्यांवर २० चढायांत १०. बेरीज बघितली तर सात गडी असताना संघ जास्त गळतो असं वाटेल. दर बघितला तर चारांत एक आणि दोनांत एक, म्हणजे उलटंच आहे. लोणाचे दोन गुण वेगळ्या रंगात दाखवा. शेवटचा एकच गडी उरलेला असताना तो बाद झाला की एका फटक्यात तीन गुण जातात, आणि रंग वेगळा नसेल तर तो खांब इतका उंच होतो की बाकी काही दिसतच नाही. ज्या खांबामागे दहा-बाराच चढाया आहेत तो पोकळ काढा आणि त्यावरून कोणाला काही बोलू नका. एका सामन्याच्या आलेखाला अर्थ नसतो. हंगामभराचे सामने एकत्र करा. बार्शी-पंढरपूरकडे मातीवर झालेले सामने आणि मॅटवरचे सामने मात्र एकत्र करू नका, पाय रोवणं दोन्हीकडे वेगळं असतं.

दुसरा आलेख मला सगळ्यात जास्त आवडतो. गुणांच्या फरकाची पायऱ्यांसारखी रेघ, चढाईच्या क्रमाने. तिच्या खाली एक अरुंद पट्टी: मुख्य चढाईपटू बाहेर असेल तेवढा भाग काळा. बाद झालेले गडी ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने परत येतात. म्हणजे आपला हुकमी चढाईपटू तिसरा बाद झाला असेल, तर आधीचे दोघं आत आल्याशिवाय तो येत नाही. बोनसच्या गुणाने कोणीच आत येत नाही, हेही धरा. बोनसवर बोनस घेत गुणफलक हलता ठेवायचा आणि मुख्य गडी बाहेरच बसलेला, हा प्रकार या पट्टीत स्पष्ट दिसतो. आमच्याकडे पोरांनी पट्टी बघितल्यावर पकड करण्याची घाई का आहे, हे त्यांना वेगळं समजावावं लागलं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, दुसरा डाव. तो थकव्याचा आहे का, हे असं तपासा. पहिला आलेख दोनदा काढा, एकदा पहिल्या डावाच्या ओळींवरून, एकदा दुसऱ्या डावाच्या. मग सात गड्यांचा खांब सातच्या शेजारी, तीनचा तीनच्या शेजारी ठेवून बघा. गडी तेवढेच असताना दुसऱ्या डावात दर वाढलेला असेल तर दम कमी पडतोय. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, शहराच्या पूर्व भागातली काही पोरं यंत्रमागावरची पाळी संपवून थेट मैदानात येतात, तेव्हा हे अगदी शक्य आहे. अशा वेळी बदली खेळाडू लवकर उतरवा. पण दोन्ही डावांत दर सारखाच असेल, आणि दुसऱ्या डावात फक्त तीन-चार गड्यांवर खेळलेल्या चढायाच जास्त असतील, तर पोरांना जास्त पळवून काही होणार नाही. मध्यंतरानंतरच्या पहिल्या आठ-दहा चढायांच्या ओळी वाचा. आघाडी आहे म्हणून पोरं दोन चढाया रिकाम्या घालवतात का, तिसऱ्या चढाईला भलत्याच गड्याला पाठवलं जातं का, आणि तिथूनच गडी कमी व्हायला लागतात का, ते बघा.

मिनिटं लिहायची ती फक्त शेवटच्या पाचांसाठी. तिथे आघाडीवरचा संघ मुद्दाम वेळ काढतो, रिकाम्या चढाया हा डावपेचाचा भाग असतो, म्हणून त्या ओळी बाकीच्यांत मिसळू नका.

हे सगळं गूगल शीट्समध्ये होतं, आलेखाच्या कागदावरही होतं. सुरुवात कागदावर करा, कारण हाताने पट्टी काळी करताना सामना पुन्हा डोळ्यांसमोरून जातो. आणि आलेख पोरांना हरलेल्या रात्री दाखवू नका. दुसऱ्या दिवशी सरावाआधी दाखवा, नावं न घेता, नुसत्या नंबरांसकट.