'कट्यार'मधलं संथ 'घेई छंद' वसंतरावांच्या पुढे सपक का वाटतं?

सपक हा शब्द वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. तुमचा प्रश्न असा आहे की 'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकाच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये 'घेई छंद मकरंद' दोन चालींत आहे, वसंतराव देशपांड्यांचं ऐकून अंगावर काटा येतो आणि दुसरं संथ चालीतलं सपक वाटतं, तर ते गायन कमी दर्जाचं समजायचं का, आणि २०१५ च्या सिनेमातलं या दोन्हींपेक्षा सरस आहे का.

कमी दर्जाचं अजिबात नाही. माझ्या मते ते गायला जास्त अवघड आहे, आणि हे मी उगाच म्हणत नाहीये.

आमचं गाव गोव्यातलं, फोंडा तालुक्यात. देवळाच्या जत्रेला गावातलेच लोक संगीत नाटक करायचे. बाबा शाळेत मास्तर, पण दिवाळी झाली की घरात फक्त तालमी. 'कट्यार' बसवलं तेव्हा नाटकातल्या दोन प्रतिस्पर्धी गवयांपैकी खांसाहेब (मूळ नाटकात वसंतरावांची भूमिका) माझ्या सख्ख्या मामाकडे आणि पंडितजी बाबांकडे, म्हणजे आमच्या प्रयोगात फास्ट 'घेई छंद' मामाचं आणि संथ बाबांचं. मामाने वसंतरावांची कॅसेट इतकी घासली होती की कुठल्या तानेनंतर ते श्वास घेतात तेसुद्धा त्याला पाठ होतं. त्याचा आवाज चांगलाच, खणखणीत, त्यामुळे त्याच्या पदाला हमखास वन्स मोअर. आणि बाबांच्या पदाला लोक शांतपणे ऐकायचे, संपलं की दोन टाळ्या, पुढचा प्रवेश. प्रयोग झाल्यावर पहाटे सगळे आमच्याच ओसरीवर चहाला बसायचे, तिथे मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "भावोजी, तुमचं पद म्हणजे लोकांना चणे आणायला उठायची वेळ." सगळे हसले. बाबाही हसले, ते तसेच होते, पण मला तेव्हा जे लागलं ते अजून गेलेलं नाही, कारण मी विंगेत उभी राहून रोज तालीम ऐकलेली होती आणि त्या एका ओळीवर बाबा किती वेळ घालवायचे हे मला माहीत होतं. ऑर्गनवाले काका वैतागायचे, म्हणायचे मास्तर आता पुरे, आणि बाबा म्हणायचे अजून एकदा, गंधार नीट बसला नाही.

आता हा गंधार, म्हणजे 'ग' हा स्वर, हीच सगळी गंमत आहे. शब्द तेच, संगीतकार एकच, जितेंद्र अभिषेकी, पण चाली दोन रागांत. खांसाहेबांची धानीमध्ये आणि पंडितजींच्या गायकीची सालगवराळीत. धानीत पाचच स्वर, सा ग म प नी, त्यात गंधार आणि निषाद (नी) कोमल, म्हणजे थोडे उतरलेले. रिषभ (रे) आणि धैवत (ध) नाहीतच, त्यामुळे द्रुत, म्हणजे जलद लयीत तान सुसाट धावते. तयारी लागतेच, पण राग स्वतः गळ्याला पुढे ढकलतो. सालगवराळीत उलटं. कोमल रिषभ, कोमल गंधार, आणि मध्यम (म) वर्ज्य, म्हणजे घ्यायचाच नाही. गंधारावरून थेट पंचमावर (प) जायचं, मधे पाय ठेवायला जागा नाही, आणि रिषभ-गंधार जरा वर सरकले की राग गेला. शिवाय लय संथ, म्हणजे चुकलेला स्वर झाकायला पुढची तान धावून येत नाही, तो तसाच सगळ्यांना ऐकू येतो.

बरं, नुसतं अवघड म्हणून भारी असंही माझं म्हणणं नाही. पदाचा अर्थ बघा. भुंगा मध पिण्यात इतका रमलाय की कमळ मिटलं, तो आत अडकला, तरी त्याचं गुंजन थांबत नाही. वसंतरावांच्या धानीत त्या भुंग्याची धुंदी आहे, आणि ते बरोबरच आहे कारण गाणारा खांसाहेब आहे, वर्षानुवर्षं पंडितजींपुढे हरत आलेला, दरबारात जागा मिळवायला भुकेला, त्याला दाखवायचंय की मी काय करू शकतो. त्यांच्या 'आ'कारात, त्या अंगावर येणाऱ्या तानेत ती ईर्ष्या ऐकू येते. पण कमळ मिटणं, ते अडकणं आणि तरी गात राहणं हे ऐकायचं तर संथ चाल लागते. अभिषेकीबुवांनी स्वतः गायलेलं आहे, गायक-नट प्रसाद सावकारांचं आहे, ते रात्री हेडफोन लावून ऐका. तिथे कोणी कोणाला हरवायला निघालेलं नाही. आणि दोन्ही सारखीच जोशात गायली असती तर नाटकातल्या दोन घराण्यांचं भांडण प्रेक्षकाला कळणार कसं? १९६७ साली अभिषेकीबुवांनी हा जो विचार केला ना, त्याला तोड नाही. म्हणून मी म्हणते की नाटकाच्या रेकॉर्डिंगवर गळे तोलू नयेत, त्या प्रसंगी ते पात्र कसं गाईल हे ऐकावं. मैफलीचे निकष लावले की पंडितजी नेहमीच हरणार, टाळ्या तानेलाच पडतात.

मामाचं पुढे सांगते. बऱ्याच वर्षांनी आतेभावाच्या मुंजीत संध्याकाळी गाणी सुरू झाली, मामाने नेहमीप्रमाणे धानी गाऊन मांडव गाजवला. मी म्हटलं, मामा, आता बाबांचं गा. तो म्हणाला, त्यात काय आहे, आणि सुरू केलं. पहिल्याच ओळीत गंधारावरून पंचमाकडे जाताना मध्यम लागला. परत घेतलं, परत मध्यम. आयुष्यभर धानी घोटलेला गळा, मध्यम मधे येणारच, त्याची काय चूक. पण तो म्हणाला पेटी बेसूर आहे, आणि लगेच दुसरं पद काढलं. बाबा तेव्हा तिथे बसलेले होते आणि काही बोलले नाहीत. मी मात्र तिथल्या तिथे बोलले आणि त्यावरून आईने मला आत बोलावून झापलं, मोठ्यांना असं म्हणतात का म्हणून. म्हणतात. पेटी बेसूर असती तर आधीचं पद कसं जमलं?

सिनेमाबद्दल थोडक्यात. राहुल देशपांडे उत्तम गायलेत, ते वसंतरावांचे नातू तर आहेतच, पण २०१० मध्ये त्यांनी हे नाटक रंगमंचावर परत आणलं आणि स्वतः खांसाहेब उभे केले, त्यामुळे त्यांच्या आवाजात स्टेज मुरलेलं आहे. पण पडद्यावर चेहरा सचिन पिळगावकरांचा आणि गळा राहुलचा, ही वाटणी मला शेवटपर्यंत जाणवत राहते. जुन्या रेकॉर्डिंगवर जो माणूस संवाद बोलायचा तोच गातोय. शंकर महादेवन स्वतःच पंडितजी झाले ते त्या मानाने बरं वाटतं, आवाज तर सुंदरच, फक्त मला तो पंडितजींसाठी फार गुळगुळीत वाटतो. सिनेमाची नवी गाणी वेगळी ऐका, त्यांची तुलना जुन्या पदांशी करण्यात अर्थ नाही. आणि रेकॉर्डिंग स्वच्छ आहे म्हणून गायन सरस, असं कृपा करून म्हणू नका.

एक सांगायचं राहिलं. वसंतराव मला कमी वाटतात असा अर्थ काढू नका, 'सुरत पिया की' लागलं की मी अजूनही गाडी बाजूला घेते. आणि रागदारी शिकलेल्या माणसाला माझं सालगवराळीचं वर्णन ढोबळ वाटेल, ते कमेंटमध्ये नीट करून सांगा.

तुम्ही असं करा, आठवडाभर फास्ट चाल ऐकूच नका. फक्त संथ ऐका आणि बरोबर गुणगुणून बघा, गंधारावरून पंचमाला जाताना मध्यम लागतो का ते तपासा. लागला तर मला कळवा, मामाला सांगायचंय.