विजय कुमार यांचं उडत्या रोबॉट्सवरचं संशोधन नेमकं काय आहे? मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने त्यात उतरावं का, आणि सुरुवातीला ड्रोनचं किट घ्यावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: खुशाल उतरा. विजय कुमार स्वतः मेकॅनिकलचेच. १९८३ साली आयआयटी कानपूरमधून बी.टेक., मग ओहायो स्टेट विद्यापीठातून पीएच.डी., आणि १९८७ पासून फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. २०१५ मध्ये ते तिथल्या इंजिनीअरिंग विभागाचे डीन झाले.

आता संशोधन. उडत्या रोबॉट्सवरचं त्यांचं २०१२ चं टेड भाषण बहुतेकांना लक्षात राहतं ते ड्रोनच्या थव्यामुळे. पण ते बघाल तेव्हा ड्रोन उडतात त्या खोलीतल्या कॅमेऱ्यांबद्दल ते काय सांगतात, तेवढं नीट ऐका. ते कॅमेरे सेकंदाला शंभर वेळा ड्रोनला सांगत असतात की बाबा, तू अमुक ठिकाणी आहेस. म्हणजे 'मी कुठे आहे?' हा सगळ्यात किचकट प्रश्न तिथे बाहेरूनच सुटलेला असतो. तोच ड्रोन व्हरांड्यात आणला तर आंधळा. माझ्या मते त्यांच्या गटाचं काम समजून घ्यायचं तर त्याचे दोन भाग करावेत: कॅमेरे असताना काय जमवलं, आणि ते काढून टाकल्यावर काय.

पहिला भाग शुद्ध यंत्रशास्त्राचा. क्वाडकॉप्टरला, म्हणजे चार पंख्यांच्या ड्रोनला, मोटारी चार, पण हालचाली सहा: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. त्यामुळे त्याला पुढे सरळ जाताच येत नाही. आधी पुढे झुकायचं, मग पंख्यांचा जोर थोडा पुढच्या बाजूला लागतो आणि तो सरकतो. सरकण्याचा प्रवेग झुकण्यावर अवलंबून, आणि झुकणं पंख्यांच्या वेगातल्या फरकावर. ही साखळी गणितात मांडली की मोटारींना दिलेली आज्ञा स्थानाच्या चौथ्या अवकलजापर्यंत (डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर चार वेळा काढून) जाऊन पोचते. त्याला 'स्नॅप' म्हणतात. डॅनियल मेलिंजर या विद्यार्थ्याबरोबर २०११ मध्ये त्यांनी मांडलेली युक्ती अशी, की ज्या मार्गावर एकूण स्नॅप कमीत कमी राहील तो मार्ग निवडायचा. वाटेतले बिंदू ठरवून द्या, मधली वक्ररेषा गणित काढून देतं आणि मोटारींना झेपेल अशीच देतं. आज या क्षेत्रात कुठेही गेलात तरी 'मिनिमम स्नॅप' कानावर पडणारच.

दुसरा भाग अवघड. इमारतीत जीपीएस चालत नाही, मग लेसर स्कॅनर आणि कॅमेरा ड्रोनवरच चढवायचा, आजूबाजूचा नकाशा करत जायचं आणि त्याच नकाशात स्वतःची जागा शोधायची. पण वजन वाढलं की बॅटरी लवकर संपते. जपानमधल्या २०११ च्या भूकंपानंतर सेंदाई इथल्या तोहोकू विद्यापीठाच्या एका नुकसान झालेल्या इमारतीत त्यांच्या गटाने जपानी संशोधकांबरोबर नकाशे केले, तेव्हा ड्रोन चक्क जमिनीवरच्या रोबॉटच्या पाठीवर बसवून आत नेला. जिथे त्या रोबॉटला पुढे जाता येईना, तिथून याने उड्डाण करायचं. मला ती युक्ती थव्यापेक्षा जास्त आवडते, कारण त्यात काटकसरीने वाचवलेली बॅटरी दिसते.

शिकवण्याचं म्हणाल तर कोर्सेरा या ऑनलाइन शिकवणीच्या साइटवर त्यांचा 'एरियल रोबॉटिक्स' हा चार आठवड्यांचा कोर्स आहे. गृहपाठ मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये. आधी नुसतं वर-खाली, मग एका प्रतलात, मग त्रिमितीत. पहिल्याच गृहपाठात कळतं की मेकॅनिकलवाल्याचा पाय इथे का घट्ट रोवलेला असतो. उंचीतल्या चुकीला एका आकड्याने गुणायचं, वेगातल्या चुकीला दुसऱ्या, आणि वर गुरुत्वाकर्षण तोलण्यापुरता जोर द्यायचा. पहिला आकडा खूप वाढवला की आलेखावर ड्रोन ठरलेल्या उंचीच्या वर जातो, खाली येतो, पुन्हा वर. दुसरा वाढवला की हेलकावे मरतात, पण फार वाढवला तर वर पोचायलाच उशीर. ते दोन आकडे हाताने बदलत बसा, व्हायब्रेशनच्या पुस्तकातलं डॅम्पिंग तासाभरात अंगवळणी पडेल. कोर्समध्ये वेग मात्र बराच आहे. रोटेशन मॅट्रिक्स (वस्तू कशी फिरलीय ते आकड्यांत मांडायची पद्धत) कच्चं असेल तर दुसऱ्या आठवड्यात दम लागतो, तेव्हा ते आधीच उजळून घ्या.

किट आत्ता घेऊ नका. पीएक्स४ (ड्रोनचं उड्डाण सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि गॅझेबो (रोबॉट संगणकावरच चालवून बघायचं सॉफ्टवेअर) दोन्ही फुकट आहेत, लॅपटॉपवर ड्रोन कितीही वेळा आपटला तरी पंखा तुटत नाही. पुढे घ्यायचंच झालं तर २५० ग्रॅमपर्यंतचा घ्या. २०२१ च्या ड्रोन नियमांत तो 'नॅनो' गटात येतो आणि त्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. कुठे उडवायला बंदी आहे ते मात्र सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर बघूनच बाहेर पडा. आणि कॉलेजात मॅटलॅबचा परवाना आहे का, ते उद्याच लॅबवाल्यांना विचारा.