दोष एकच, मग बहिणींचा फॅक्टर ८ वेगळा का?

प्रश्न : माझ्या भावाला हिमोफिलिया ए (फॅक्टर ८ हे रक्त गोठवणारं प्रथिन कमी असण्याचा आजार) आहे. जनुक तपासणीत मी आणि धाकटी बहीण दोघीही वाहक निघालो. तिचा फॅक्टर ८ आला ८२ टक्के, माझा ३१. असं कसं? मला अक्कलदाढ काढायची आहे, म्हणून काळजी वाटते.
– एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : फॅक्टर ८ चं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. भावाकडे एक्स एकच, त्यामुळे त्याला पळवाट नाही. तुमच्याकडे दोन आहेत, पण एका पेशीत त्यातला एकच चालतो. गर्भ रुजण्याच्या सुमारास प्रत्येक पेशी एक एक्स बंद करते. आईकडचा की वडिलांकडचा, ते नशिबावर. बंद होणाऱ्या एक्सवरचं 'झिस्ट' जनुक आरएनएचा लांब धागा बनवतं. तो त्याच गुणसूत्राला लपेटतो, पुढे डीएनएवर मिथाइलच्या (जनुकं बंद ठेवणाऱ्या रासायनिक) खुणा बसतात आणि त्या पेशीपासून होणाऱ्या साऱ्या पेशींत तोच एक्स बंद राहतो. (ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी हे १९६१ मध्ये उंदरांच्या केसांच्या रंगावरून ताडलं. तीन रंगांची मांजर बहुधा मादीच असते, तेही यामुळेच.)

निवड होते तेव्हा पेशी मोजक्याच असतात. दहा वेळा नाणं उडवलं तर पाच-पाच येतंच असं नाही. तुमच्यात चांगला एक्स जास्त पेशींत बंद पडला असावा. रक्तगट ओ असेल तरी फॅक्टर ८ थोडा कमी भरतो.

एक शंका मात्र फेडून घ्या. नमुना विट्यात घेऊन मिरजेला पाठवला होता का? वाटेत वेळ गेला की फॅक्टर ८ उतरतो आणि आकडा खोटाच कमी येतो. चाचणी होते त्या लॅबमध्येच जाऊन रक्त द्या.

पुन्हा ४० च्या खाली आला, तर तुम्हालाही सौम्य हिमोफिलियाच समजतात. दाढेआधी बीटी-सीटी (रक्तस्राव थांबायला आणि रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची चाचणी) करतात, त्यात हा दोष सापडत नाही. एपीटीटी ही रक्त गोठण्याची दुसरी चाचणीसुद्धा नॉर्मल येऊ शकते. दंतवैद्यांना फॅक्टरचा रिपोर्टच दाखवा आणि रक्तविकारतज्ज्ञांशी बोलूनच तारीख घ्या. ट्रानेक्झामिक ॲसिड (रक्तस्राव रोखणारं औषध) किती दिवस, डेस्मोप्रेसिन (फॅक्टर ८ वाढवणारं औषध) लागेल का, हे ते ठरवतील. दुखलं म्हणून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका.

बहिणीचे ८२ टक्के तिच्यापुरते. तिच्या प्रत्येक अपत्याला दोष जाण्याची शक्यता तुमच्याइतकीच, म्हणजे ५० टक्के. गरोदरपणात फॅक्टर ८ वाढतो आणि बाळंतपणानंतर उतरतो. म्हणून दोघींनीही प्रसूतीच्या डॉक्टरांना हे आधीच सांगावं.