वर्षावन शिकवायचंय? पिंपळाच्या पानापासून सुरू करा

ताई, मुलं सहा-सात वर्षांची आहेत, तर ॲमेझॉनचा नकाशा सध्या बाजूला ठेवा. पिंपळाचं एक पान घ्या, तिरपं धरा आणि वरून चमचाभर पाणी सोडा. पाणी घरंगळत खाली येतं आणि त्या लांब शेपटीवरून टपटप गळतं. वर्षावन म्हणजे जवळजवळ वर्षभर पाऊस पडणारं, सदाहिरवं जंगल; तिथल्या कितीतरी झाडांच्या पानांना असंच टोक असतं. मुलांना स्वतः करू द्या, दहा वेळा करतील.

मग घरातला मनीप्लांट दाखवा. कुंडीत त्याची पानं तळहाताएवढी, पण मोठ्या झाडावर चढला की तीच हातभर होतात. उजेडासाठीची चढाओढ इथेच कळते. फक्त पान तोंडात जाऊ देऊ नका, चीक झोंबतो.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- सगळे प्राणी एकाच चित्रात कोंबणं. ओरांगउटान बोर्निओ-सुमात्राचा, मोठ्या चोचीचा टूकन पक्षी अमेरिकेचा, धनेश पक्षी आपल्याकडचा.
- पेंचला वर्षावन म्हणणं. आपल्या नागपूरच्या आसपासचं जंगल पानझडी. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर, आणि उन्हाळ्यात साग उघडाबोडका. मुलांनी हा फरक डोळ्यांनी पाहिलेला असतो, त्याचाच उपयोग करा.
- नुसते अजगर आणि वाघ. मुंग्या, बेडूक, बुरशी राहूनच जातात, आणि मुलं त्यांच्यातच जास्त रमतात असा माझा अनुभव आहे.

प्राण्यांत पहिला शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार, घ्या. महाराष्ट्राचा राज्यप्राणी, सह्याद्रीच्या दाट झाडीत शेंड्यांवरच राहतो, जमिनीवर क्वचित उतरतो. जंगलाचे थर, अन्नसाखळी वगैरे पुढच्या वर्षी बघू.